राईचं एक बाद मत

सदू भोईरच्या घरात मतदान झालं तेव्हा सदूलाच घराबाहेर काढलं होतं.

पंच्याऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्या माणसांचं मत घरी येऊन घ्यायची सोय सरकारनं केलीय. राई गावात सदूची आई सरूबाई त्यात बसली. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात सरकारी गाडी आली. दोन अधिकारी, एक पोलीस, एक कॅमेरावाला. त्यांनी सरूबाईच्या खाटेपुढं स्टूल ठेवलं, स्टुलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि सदूला नि त्याची मासळी विकणारी बायको संजना हिला अंगणात पाठवलं. मत गुप्त असतं म्हणे. आख्ख्या राईला बूथवर नेणारा माणूस स्वतःच्या अंगणात शेवग्याखाली उभा राहिला, नि आत आई काय करतेय ते त्याला दिसेना.

त्याला काळजी नव्हती. सकाळीच त्यानं आईला पढवलं होतं. तिसरा फोटो, चष्मेवाला, त्याच्यापुढं खूण. सरूबाई "बरा" म्हणाली होती. सरूबाई इतक्या पटकन बरं म्हणते तेव्हा माणसानं सावध व्हायला पाहिजे. पण आपली आई म्हणजे आपलीच असं पोरांना वाटतं, साठीला आली तरी.

सदू वीस वर्षं साहेबांचा, म्हणजे त्या तिसऱ्या फोटोतल्या चष्मेवाल्याचा, माणूस. साहेबांच्या सभेला सतरंज्या त्यानं घातल्या, साहेबांच्या वाढदिवसाला वह्या त्यानं वाटल्या. बदल्यात त्याला काय मिळालं? साहेब त्याला नावानं हाक मारतात. काही माणसांना तेवढं पुरतं. सदूला पुरलं होतं, खोटं कशाला बोलायचं. पण या खेपेला त्याला एक गोष्ट हवी होती, आणि ती एकट्यासाठी नव्हती. बंदराची वाट.

राईतून खाडीवर जायची वाट गावापेक्षा म्हातारी. बोट लागली की बाया त्या वाटेनं उतरायच्या, मासळी घेऊन वर यायच्या नि थेट बाजार गाठायच्या. तीन वर्षांमागं एका बिल्डरनं बाजूची जमीन घेतली, आणि जमिनीबरोबर वाटही घेतली असं समजून दोन्ही तोंडांना निळे पत्रे ठोकले. आता बायांना टोपल्या घेऊन हमरस्त्यानं वळसा घालावा लागतो. ट्रकच्या धुरातून, जिथं फूटपाथ नाही तिथून. तोवर बर्फ पाणी होतो नि बोंबील लगदा. गिऱ्हाईक बोट लावून बघतं आणि म्हणतं, मौशी, ये तो कल का है.

साहेबांच्या बेव्हर्ली पार्कातल्या ऑफिसात सदूनं हा विषय काढला तेव्हा साहेबांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला होता. म्हणाले होते, "सदू, निकाल लागू दे. दुसऱ्या दिवशी पत्रे काढतो. पण राईनं लीड दिली पाहिजे." सदूनं ते वाक्य घरोघर पोचवलं. देवळात नारळावर हात ठेवून सांगितलं. शालू म्हणून मासळीवाली आहे, गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. तिनं विचारलं, "आनि न्हाय काढले तर?" सदू म्हणाला, "तर माज्या दारात येऊन माजा तोंड काला कर."

तशी दुसऱ्या बाजूला हरिश्चंद्र मास्तर उभे होते. रिटायर माणूस, अपक्ष. त्या पत्र्यांवरून तीन वर्षं अर्ज करत होते, महापालिकेच्या पायऱ्या झिजवत होते. एकदा पत्रा मोजायला टेप घेऊन चिखलात उतरले नि कमरेपर्यंत रुतले, तेव्हा गावानंच त्यांना दोरीनं ओढून काढलं. मास्तर चांगला माणूस, असं सगळे म्हणायचे. आणि लगेच म्हणायचे, पण मास्तरला मत देऊन काय होणार? आपल्याकडं चांगुलपणा असा बाद होतो. निवडणुकीच्या आधीच.

राईनं लीड दिली. नुसती नाही, भरभरून दिली.

मतमोजणीला साहेबांनी सदूला टपाली मतांच्या टेबलावर बसवलं. मानाची जागा. मोजणी तिथूनच सुरू होते, आणि म्हाताऱ्यांची घरून घेतलेली मतंही तिथंच मोजतात. जाळीपलीकडं निवडणूक अधिकारी मॅडम, अलीकडं प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस. मास्तरांचा माणूस दिपेश, भाईंदर पूर्वेला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा पोरगा. साहेबांना मत पडलं की सदू त्याच्याकडं बघून हसायचा. दिपेश बिचारा नखं खात होता.

मग मॅडमनी एक मतपत्रिका उलगडली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी ती जाळीला लावली, सगळ्यांना दिसेल अशी. म्हणाल्या, "यावर सही आहे."

हरिश्चंद्र मास्तरांच्या फोटोपुढं खूण होती. चांगली ठसठशीत. आणि खाली, कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाटीवर काढावीत तशी अक्षरं. सरूबाई काळू भोईर.

सदूला वाचायची गरज नव्हती. ती सही त्यानं वर्षानुवर्षं पाहिली होती. त्याच्या बापानं, काळू भोईरनं, एकदा कुणाच्या तरी कागदावर अंगठा दिला नि शेत गेलं. आज त्या शेतात सात मजली सोसायटी आहे, तिच्या तळमजल्यावर केक मिळतो. सरूबाईनं मग साक्षरतेच्या वर्गात जाऊन नाव शिकून घेतलं. तेव्हापासून अंगठा बंद. आणि कागद समोर आला की नाव घातल्याशिवाय तिनं तो कधी सोडला नाही. गॅसच्या पावतीवर नाव, नातवाच्या पोलिओच्या कार्डावर नाव, एकदा तर कुणाच्या लग्नाच्या पत्रिकेवर नाव. बिननावाचा कागद चोराचा, असं ती म्हणायची. हे सगळं ठाऊक असून सदूनं तिला तिसरा फोटो तेवढा शिकवला होता. मतावर सही करायची नसते, हे सांगायचं त्याला सुचलंच नाही.

दिपेश खुर्चीवरून उठला. म्हणाला, मॅडम, खूण तर क्लिअर आहे, मत कुणाला ते आंधळ्यालाही दिसतं, एवढ्या वयाच्या बाईनं दिलंय, मोजा की. मॅडम शांतपणे म्हणाल्या की मतदार ओळखू येईल असं काही लिहिलं की मत बाद, नियमच आहे. तरी दिपेश भांडत राहिला. मग मॅडमनी सदूकडं पाहिलं. त्यांना काय माहीत. त्यांच्यासाठी तो फक्त समोरच्या पार्टीचा माणूस.

"तुमचं काही म्हणणं?"

बाकीचे एजंट सदूकडं बघायला लागले. भोईर आडनाव त्याच्या छातीवरच्या कार्डावर होतं.

"नियमाप्रमाणं बाद करा," सदू म्हणाला.

मॅडमनी शिक्का मारला. दिपेश खाली बसला आणि हळूच म्हणाला, "काका, तुमचीच आई ना ती?" पुढची मतपत्रिका साहेबांची निघाली, पण या वेळी त्याला हसू आलं नाही.

दुपारपर्यंत साहेब चाळीस हजारांनी निवडून आले. गुलाल, डीजे, जेसीबीला टांगलेला हार. त्या चाळीस हजारांत एका बाद मताचा हिशोब कोण ठेवतो? पण ठेवला. ऑफिसात सदू पेढा द्यायला गेला तर साहेबांचा माणूस गणेश दारातच म्हणाला, "अरे ये ये, मास्तरचे कार्यकर्ते." आतले सगळे हसले. साहेबही हसले. सदू थांबून राहिला. गर्दी जरा हलल्यावर त्यानं पत्र्यांचं विचारलं. साहेब फोनमध्ये बघत म्हणाले, "सदू, आधी घर सांभाळ रे. घरातून लीड नाही तुझी." नि दुसऱ्याचा हार घ्यायला मान वाकवली.

घरी आला तर सरूबाई खाटेवर बसून वाट बघत होती.

"माजा मत मोजला?"

"न्हाय. बाद झाला."

"कोनी केला?"

सदूनं शर्ट काढून खुंटीला लावला. खोटं बोलता आलं असतं. मॅडमचं नाव घेता आलं असतं.

"मीच बोललो, बाद करा म्हनून."

सरूबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुजा बाप अडानी होता," ती म्हणाली. "तुला तर मी शालंत घातला होता." आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

मग सदूचा तोल गेला. तो बोलत सुटला. तुला सही करायला कुणी सांगितलं होतं, मास्तर पडणार हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं, तुझ्या त्या नावापायी आता सगळ्या गावाची वाट गेली. संजना मधे पडली तर तिलाही बोलला. सरूबाई भिंतीकडूनच म्हणाली, "मी नाव लिवला, कारन मना भ्या न्हाय. तू का भितोस ता बग."

चार दिवसांनी साहेबांचा आभार दौरा राईत आला. उघडी जीप, मागं मोटारसायकली. जीप नेमकी सदूच्या दारात थांबली. गणेशच्या हातात शाल नि नारळ. गावातल्या सगळ्यात ज्येष्ठ मतदाराचा सत्कार आहे, असं त्यानं माईकवर सांगितलं. सदूला कळलं. दिलदारी दाखवायला नाही, जागा दाखवून द्यायला आलेत. सगळी राई दारात जमली. मतमोजणीतली गोष्ट एव्हाना कुणाला कळायची राहिली नव्हती.

साहेबांनी वाकून सरूबाईच्या पायाला हात लावला, कॅमेऱ्याकडं बघत. खांद्यावर शाल घातली. मग माईक तिच्या तोंडापुढं धरून म्हणाले, "आजी, मत मलाच दिलंत ना?"

मोटारसायकलवाले खी खी करायला लागले.

"तुला न्हाय दिला," सरूबाई म्हणाली. "नाव लिवून कलवला व्हता. वाचता येत न्हाय का?"

मग साहेबच मोठ्यानं हसले, आणि साहेब हसले म्हणून सगळे हसले. ही लोकशाही आहे, ते माईकवर म्हणाले, हीच तर आपल्या देशाची ताकद आहे. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांत सदूनं जन्मात पहिल्यांदा चारचौघांत साहेबांचा हात धरला.

"साहेब, वाट. तुम्ही बोलला होता. राईनं लीड दिलीय."

साहेबांनी माईक गणेशकडं दिला. आवाज खाली आणला, पण पुढच्या रांगेतल्या बायांना ऐकू गेला. "सदू, ती प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे. मॅटर कोर्टात आहे. मी काय करणार?"

"कोर्टात कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

म्हणजे मांडीवर हात ठेवला तेव्हाही कोर्टातच होतं. सदूनं हात सोडला. साहेब जीपवर चढले. पुढच्या आळीत फटाके लागले.

आता कुणालाही वाटेल की गाव साहेबांवर चिडलं असेल. छे. साहेब लांब, त्यांच्याकडं जीप. चिडायला जवळचं माणूस लागतं. शालू पुढं आली आणि खाटेकडं बोट करून म्हणाली, "हिच्यापायी गेली वाट. हिनं सायबाला चिडवला." मागच्या बाया माना हलवायला लागल्या. सदू ओरडून सांगू लागला की कोर्टाचं दोन वर्षांपासून आहे, आत्ताच ऐकलंत ना, त्यांना वाट द्यायचीच नव्हती, आईनं सही केली नसती तरी दिली नसती. कुणी ऐकलं नाही. शालू म्हणाली, "मंग तू कशाला नारलावर हात ठेवलास?"

सदूनं तोंड पुढं केलं.

"कर काला," तो म्हणाला. "बोललो होतो ना मी. कर."

शालूनं त्याच्याकडं बघितलं आणि थुंकली, त्याच्यावर नाही, बाजूला. "काला करून काय, मासली इकली जानार हाय?" ती म्हणाली आणि गेली. तिच्या मागं सगळं अंगण रिकामं झालं. सरूबाईनं शाल काढून संजनाकडं दिली, म्हणाली, भांडी पुसायला घे, कापड बरा हाय.

दुसऱ्या दिवशी पहाटे बोट लागली. संजना टोपली घेऊन निघाली तेव्हा सदूही निघाला. वीस वर्षांत तो या वेळी एकतर झोपलेला असायचा नाहीतर साहेबांच्या ऑफिसात. बंदरावर मासळी भरून झाल्यावर त्यानं संजनाच्या डोक्यावरची टोपली काढून आपल्या डोक्यावर घेतली. बाप्यानं मासळीची टोपली डोक्यावर घेतलेली बायांनी पाहिली नव्हती. त्या फिदीफिदी हसल्या, सदूची नवी पार्टी म्हणाल्या. टोपलीतलं पाणी त्याच्या मानेवरून पाठीत उतरत होतं.

हमरस्त्याच्या वळणावर, पत्र्यांच्या अगदी कडेला, साहेबांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता. सदूनंच छापायला दिलेला, निकालाच्या आदल्या दिवशी, स्वतःच्या खिशातून. वर साहेब, एवढे मोठे. खाली कोपऱ्यात हात जोडून हसणारा सदू.

"ओ सदूशेठ," शालू पुढून म्हणाली, "ता बगा, तुमी हसताव."

फ्लेक्स उंच होता. शिडीशिवाय हात पोचला नसता, आणि दोन्ही हात टोपलीला. मागून ट्रकनं हॉर्न मारला. सदू फ्लेक्सकडं बघतच उभा राहिला, तशी संजनानं त्याला कोपरानं ढकललं.

"चला आता. बर्फ पानी होतंय."