डाव्या बाजूची जागा

मी साईडकार बोलतेय. थांबा, लगेच उजवीकडे बघू नका! सगळे तेच करतात. शेडचं दार उघडलं की पाहुण्यांची नजर जाते ती मोटरसायकलवर. तिची टाकी, तिचं इंजिन, तिचा धडधड आवाज. आणि मी आपली तिच्या डाव्या अंगाला एका चाकावर उभी. मी तिला थोरली म्हणते. थोरलीवर लोकांनी पुस्तकं लिहिलीत म्हणे. माझ्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून आज मीच तोंड उघडलंय.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. आतून लाकडी सांगाडा, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. इंजिन नाही, ब्रेक नाही, स्वतःहून वीतभर हलायची सोय नाही. एक गादी, एक दार आणि वारा अडवायला पुढं काच, एवढाच काय तो माझा संसार. कुणीतरी येऊन बसलं तर मी साईडकार, नाहीतर डबडं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

सिरिल सग्डननं आम्हा दोघींना कीथली या गिरण्यांच्या गावी आणलं, तेव्हा त्याच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. तो लोकरीच्या गिरणीत जॉबर, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारा. बायको आयव्ही त्याच गिरणीत मागावर. त्या गोंगाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तिथल्या बाया नुसते ओठ हलवून बोलतात. आयव्हीला त्याची इतकी सवय की घरीसुद्धा ती अर्धं बोलणं आवाजाविना करायची, आणि सिरिल तिच्या तोंडाकडं बघत बसायचा.

पण मोटरसायकल चालवणारा माणूस बायकोच्या तोंडाकडं कसा बघणार? मग आयव्हीनं युक्ती काढली. रविवारी आम्ही समुद्रावर, व्हिटबीला जायचो. ती माझ्यात बसायची, पायावर घोंगडी, मांडीवर लोकर, आणि सारा रस्ता मोजे विणायची. काही सांगायचं झालं की माझ्या उजव्या काठाला, आतल्या अंगानं, विणायची पोलादी सुई टोचायची. टक्! एकदा वाजलं की ‘हळू’. दोनदा वाजलं की ‘चहा’. आणि तीनदा? तीनला काही अर्थ नव्हता. उतारावरून पहिल्यांदा समुद्र दिसला की ती तीनदा टोचायची.

इंजिनाच्या आवाजातसुद्धा सिरिलला ती टकटक बरोबर कळायची. शंभर मागांत कुठला बिघडला ते ओळखणारा कान तो! ऐकलं की तो मान हलवायचा. वळवायचा मात्र नाही, नजर रस्त्यावर. आणि माझ्यात तो स्वतः एकदाही बसला नाही. चालवणाऱ्याला काय कारण? त्यामुळं टकटक त्यानं ऐकली, पण तिची खूण कधी पाहिली नाही. दहा वर्षांत तिथं बारीक बारीक शे-दोनशे पोचे पडले होते. पुढं मुलगी झाली, हेदर. ती आईच्या पायांमधे बसून ते पोचे बोटानं मोजायची आणि तिसापुढं चुकायची. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस कुठले विचाराल तर ते.

मग घरात छोटी मोटार आली. थोरलीला ताडपत्री घालून शेडमधे ठेवलं. माझे चार बोल्ट काढले आणि मला मागच्या अंगणात. तिथं आयव्हीनं माझ्यात कोंबड्या पाळल्या. हसा, हसा! पण खरं सांगते, मला राग आला नाही. निदान कुणीतरी बसत तरी होतं. रोज सकाळी अंडी घ्यायला आयव्ही वाकायची, तेव्हा तिचा हात त्या काठावरून फिरायचा. “आहेत की गं अजून,” असं ती ओठांतल्या ओठांत म्हणायची. हे तिचं नि माझं गुपित होतं. तीसएक वर्षं हे चाललं.

एका फेब्रुवारीत अंडी घ्यायला शेजारीण आली. तिनंच कोंबड्या नेल्या. आयव्ही गेली, हे मला त्यावरून कळलं.

त्यानंतर वर्षभर माझ्याकडं कुणी फिरकलं नाही. गादीत पाणी साचलं. मला एकटेपणाची सवय आहे असं मी स्वतःला समजावत होते, पण ते खोटं होतं. मला तिची फार आठवण यायची.

मग सिरिलनं थोरलीची ताडपत्री काढली. म्हातारा सत्तरीला आलेला, पण हात मागाला लावावेत तसेच नेमके. स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच मी, म्हणून मला सगळं दिसायचं. नवं बेअरिंग बसवायचं तर इंजिनाचं ॲल्युमिनियम तापवावं लागतं, आणि इकडं जुन्या गाड्या दुरुस्त करणारे सगळे पुरुष ते चोरून बायकोच्या ओव्हनमधे तापवतात. सिरिलनं राजरोस तापवलं. घरभर तेलाचा वास! आयव्ही असती तर तिनं त्याला इंजिनासकट अंगणात काढलं असतं. “दहाच मिनिटं, मग काढतो,” असं तो पाठीमागं न बघता म्हणाला. कुणी ओरडलं नाही.

जुन्या मोटरसायकलवाल्यांच्या मंडळातला पर्सी अधूनमधून यायचा. जीभ लांब, पण मनानं वाईट नाही. एकदा माझ्याकडं बोट करून म्हणाला, “हे डबडं कशाला ठेवतोस गड्या? साईडकार आता कुणाला हवीय? लीड्सचा एक जण मोटरसायकल एकटी घ्यायला टपून बसलाय. हिच्यात फुलझाडं लाव, छान दिसेल.”

आमच्यातल्या कितीजणींचं तसंच झालंय. लोकांच्या अंगणात बघा, माती भरून बसल्यात बिचाऱ्या.

सिरिल फडक्याला हात पुसत राहिला. मग म्हणाला, “दोघी बरोबर आल्यात या घरात. जातील तर बरोबर जातील.”

त्या दिवशी मी इतकी खूश झाले की काय सांगू! त्यानं मला धुतलं, आतला पेंढा काढला, लाकूड बदललं. गादी उचकटताना खाली आयव्हीची सुई सापडली. या लोकांच्या हातून एक वॉशर फेकवत नाही, तर सुई कशी फेकवेल? ती त्यानं स्क्रू-ड्रायव्हरच्या डब्यात टाकली. आणि मग रंगाआधी माझ्या काठावरून बोट फिरवताना तो थबकला.

“हात्तिच्या! चोची मारून मारून वाट लावली की या भवान्यांनी.”

कोंबड्यांनी! त्याला वाटलं, ते कोंबड्यांचे टोचे. अरे बाबा, कोंबडी कधी एकाच जागी दहा वर्षं टोचते का? मी ओरडले. पण माझं ओरडणं म्हणजे लाकडाची जराशी करकर. तो म्हणाला, “बिजागरीला तेल हवं वाटतं,” आणि त्यानं तेल घातलं.

मग त्यानं तो काठ पॉलिश पेपरनं घासला, उरलेल्यात पुट्टी भरली. पुट्टी कालवायला हाताला लागली ती तीच सुई. वर हिरव्या रंगाचे पाच हात. काठ असा गुळगुळीत झाला की पर्सीला त्यात आपलं टक्कल दिसलं. “झकास!” तो म्हणाला. सिरिलला आयुष्यात इतकं खूश मी पाहिलं नव्हतं, आणि मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

थोरलीला मला पुन्हा जोडलं. पहिल्याच फेरीत डाव्या वळणाला माझं चाक हवेत! रिकाम्या साईडकारचं असंच होतं, तोल राहात नाही.

“वाळूचं पोतं टाक आत,” पर्सी म्हणाला. “सगळे टाकतात.”

“किती वजनाचं?”

“बायकोच्या वजनाचं, आणखी काय!” पर्सी बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

रविवारी हेदर लीड्सहून आली. सिरिल हातात फावडं घेऊन वाळूपाशी उभा होता. “आईचं वजन किती होतं गं?”

“हे काय विचारणं झालं, बाबा?”

“कामासाठी हवंय.”

“नऊ स्टोन चार,” हेदर म्हणाली, म्हणजे तुमचे एकोणसाठ किलो. “पण सांगायची मात्र नऊच. तुम्हाला कळू नये म्हणून.” दोघंही हसली. मग हेदरनं डोळे पुसले आणि सहज माझ्यात येऊन बसली. किती वर्षांनी माणूस बसलं! तिचा हात आपोआप उजव्या काठावर गेला, मागं-पुढं फिरला, पुन्हा फिरला.

“बाबा, इथले पोचे कुठं गेले?”

“कोंबड्यांचे? बुजवले की. बघ कसा आरसा झालाय.”

“कोंबड्यांचे?” तिचा आवाज चढला. “बाबा, ते आईचे होते! सुईचे. हळू, चहा... मी मोजायची ते. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

सिरिलच्या हातातलं फावडं खाली टेकलं. तो काठाकडं बघत राहिला. मग म्हणाला, “मी समोर बघत होतो गं.”

हेदर पाचच्या बसनं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच सिरिल पॉलिश पेपर घेऊन माझ्यापाशी बसला. एवढा जीव ओतून दिलेला रंग त्यानं स्वतःच्या हातानं वीतभर खरवडून काढला, आणि त्याच सुईच्या टोकानं पोच्यांतली पुट्टी कोरायला लागला. आठवडाभर तेच. पण उथळ पोचे घासण्यातच गेले होते, ते कुठून परत येणार? शे-दोनशेंपैकी एकोणीस सापडले. तो जरा जरा वेळानं पुन्हा मोजायचा, विसावा पोचा कुठं लपलाय का म्हणून.

“एवढ्या रंगात हा भुंडा पत्रा?” पर्सी हळहळला. “जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक गुण कापतील रे.”

“कापू देत,” सिरिल म्हणाला.

मग एका रविवारी आम्ही व्हिटबीला निघालो. माझ्यात नऊ स्टोन चार वाळूचं पोतं, त्यावर आयव्हीची घोंगडी. वळणावर माझं चाक आता उचलत नव्हतं. पण वाळू विणत नाही, वाळू टोचत नाही. समुद्राच्या अलीकडं तो मोठा उतार लागला, जिथं आयव्हीची ‘हळू’ कधी चुकली नाही. थोरली सुटली. सिरिलचा हात ब्रेककडं जाईना. मला कळलं, म्हातारा वाट बघत होता. उतार संपत आला, वळण समोर आलं, तरी तो कान देऊनच बसलेला. अगदी शेवटी त्यानं कचकचून ब्रेक दाबला आणि आम्ही तिघं कडेच्या गवतात जाऊन थांबलो.

इंजिन बंद झालं. सिरिलनं पहिल्यांदाच मान वळवून डावीकडं पाहिलं, आणि पोत्यावर हात ठेवून म्हणाला,

“अगं, सांगायचं ना!”

खाली समुद्र दिसत होता. तिथं तो किती वेळ रडला ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता त्याचे गुडघे गेलेत, किक मारवत नाही, म्हणून थोरली सुरू होत नाही. सकाळी तो काठी टेकत येतो आणि स्वतः माझ्यात बसतो, पोतं पर्सीनं काढून ठेवलंय. पहिल्या दिवशी वर थोरलीच्या रिकाम्या सीटकडं बघून म्हणाला, “एवढंच दिसायचं होय तिला? माझा गुडघा?” मग खिशातून सुई काढून त्यानं काठावर टोचलं. टक् टक्. चहा. चहा कोण आणणार? थोड्या वेळानं तो आपला आपण उठतो आणि आत जाऊन करून घेतो. परवा मात्र त्यानं काठ मोजला आणि हसला. एकोणिसांचे आता पंचवीस झालेत.

पुढं मी कुणाच्या हाती पडेन, ठाऊक नाही. रंग हवा तो द्या, माझी तक्रार नाही. तेवढा वीतभर पत्रा उघडा राहू द्या, आणि वाळू नको, माणूस बसवा. आणि तुम्ही जे चालवता आहात, तुमच्या डाव्या अंगाला कुणी बसलं असेल तर एकदा मान वळवून बघा हो. रस्ता कुठं पळून जात नाही.