चार बोटं कमी

समजा, तुम्ही घर बांधायला काढलंय. दुकानात आलात, आणि दुकानदाराने तुमच्या तळहातावर मुठीएवढा दगड ठेवला. दिसायला काळपट, खडबडीत. वजनाला मात्र बिस्किटासारखा. दुकानदार म्हणतो, "यावर तुमचं सगळं घर उभं राहील." आता मला सांगा, विश्वास कुणावर ठेवाल? डोळ्यांवर, हातावर, की विकणाऱ्यावर?

मी तो दगडच बोलतोय. फुगवलेल्या काचेचा खडा. गेली नऊ वर्षं बांधकामाच्या सामानाच्या एका दुकानात, गल्ल्याशेजारी माझा मुक्काम आहे. माणसं विश्वास कुणावर ठेवतात, हे मी तिथे बसून पुष्कळ पाहिलंय. बहुतेक जण आधी मला नखाने खरवडतात, मग दुकानदाराच्या तोंडाकडे बघतात, आणि शेवटी बाहेर जाऊन मेहुण्याला फोन लावतात.

दगड म्हणालो खरा, पण जन्माने मी बाटली. खोकल्याच्या औषधाची. माझ्या अंगात एक बरणी आहे, एक फुटलेली खिडकी आहे, कुणाच्या तरी हातून निसटलेला पेला आहे. आम्हा सगळ्यांना दळून पीठ केलं, त्यात चिमूटभर फुगवणारी पूड मिसळली आणि भट्टीत सोडलं. पाव फुगतो तसे आम्ही फुगलो. आत लाखो बारीक फुगे, आणि एकेका फुग्यात कोंडलेली हवा. भट्टीबाहेर थंड वारा लागला मात्र, आमच्या फुगून झालेल्या लांबलचक लादीला कडाकड तडे गेले आणि एकीची आम्ही हजारो भावंडं झालो. भावंडं पोत्यांत गेली. मी नमुना म्हणून काकांच्या खिशात.

काका म्हणजे आमचे दुकानदार. त्यांना सगळे काकाच म्हणतात, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. चौथीनंतर शाळा सुटली. बांधकाम शिकले ते लोकांच्या घरांत अनवाणी फिरून. कुणी वास्तू दाखवायला बोलावलं की काका दारातच बूट-मोजे काढतात आणि खोलीच्या मधोमध गप्प उभे राहतात. एका गिऱ्हाइकाने आरशासारखी चकचकीत फरशी थेट मातीवर बसवली होती. काका घरी आले आणि काकूंना म्हणाले, "फरशी इतकी देखणी की बघायला पाहुणे येतात, आणि बिचारे पाय वर घेऊन बसतात."

माझं काम तेवढंच, पाय खाली ठेवता यावेत. घराची ऊब छतातून जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं. जमिनीतूनही ती झिरपत जाते हे पहिल्या हिवाळ्यात कळतं. ओल तर उलटी, खालून वर चढते. घराच्या पायाच्या खड्ड्यात आमचा जाड थर घातला की आतली हवा ऊब अडवते, आणि आमच्यामधल्या मोठ्या फटींतून पाण्याला वर चढता येत नाही. काका हे सगळं सांगत बसत नाहीत. वाडग्यात पाणी घेतात आणि मला त्यात सोडतात. मी तरंगतो. पुढचं सगळं गिऱ्हाईकच बोलतं.

एका दुपारी दुकानासमोर शाळेची रिकामी बस थांबली आणि ती चालवणाऱ्या ताई खाली उतरल्या. गावाच्या कडेला छोटा प्लॉट घेतला होता. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधायचं होतं, जमेल तेवढं स्वतः उभं राहून. हातात यादी होती, पण ती त्यांनी उघडली नाही.

"आधी जमिनीचं बोलू," त्या म्हणाल्या. "बाकीचं मग."

"लोक आधी खिडक्या बघतात," काका म्हणाले.

"माझा धाकटा भाऊ जमिनीवर राहतो."

"म्हणजे?"

"आपण चालतो, तो सरकतो. लहानपणी तापात पाय गेले. दोन हात टेकून सगळं घर फिरतो. घड्याळं दुरुस्त करतो, तेही खालीच बसून. चाकांची खुर्ची आहे, बाहेर जायला. घरात म्हणतो, इथे तरी मला कुणाच्या उंचीला यायचं नाही." ताईंनी यादी गल्ल्यावर ठेवली. "भाड्याची खोली ओल धरते. तीन हिवाळे झाले, छाती भरते त्याची. गेल्या वेळी अकरा दिवस दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, औषध बदलून उपयोग नाही, फरशी बदला."

काकांनी मला उचलून त्यांच्या हातात दिलं. पाण्यात तरंगवूनही दाखवलं. ताईंनी मला खरवडलं नाही. हातात धरून विचारलं, "चौकातल्या दुकानात फोमचे तक्ते सांगितलेत. ते बरेच स्वस्त पडतात."

"तक्ते वाईट नाहीत," काका म्हणाले. "पण तुमच्या प्लॉटमागे वारुळं आहेत म्हणालात. मुंग्यांना फोम म्हणजे गादी. आयतं पोखरतात. याच्यात त्यांचा दात लागत नाही."

हे खरंच होतं. काका खोटा माल कधी विकत नाहीत. पण पुढे जे झालं त्यात मला त्यांची बाजू घेता येणार नाही.

ताईंनी खड्ड्याची लांबी-रुंदी सांगितली. खोली तीस सेंटिमीटर. काकांनी कागदावर गुणाकार केला आणि पेन्सिल थांबली. कारण आमची एक खोड आहे. आम्हाला सैल ओततात, मग वरून यंत्राने ठोकतात, आणि ठोकल्यावर आम्ही बसतो. तीसचा थर हवा असेल तर जवळजवळ चाळीसचा ओतावा लागतो. काकांना हे पाठ होतं. पण चाळीसचा आकडा चौकातल्या आकड्यापुढे फार जड दिसला असता. त्यांनी तीसच लिहिलं, कागद पुढे केला, आणि लगेच चहा मागवला. हवं तेव्हा चहा मागवणारा माणूस आणि घाईने चहा मागवणारा माणूस, यांतला फरक मला गल्ल्यावर बसून चांगला कळतो.

पंधरा दिवसांनी ताईंचा फोन आला. काकांनी सवयीने मला खिशात टाकलं आणि आम्ही जागेवर पोचलो.

खड्ड्यात कापड अंथरून माझी भावंडं ठोकून बसवली होती. बाजूने पातळीची दोरी ताणलेली. दोरी वर, भावंडं खाली. खड्ड्याच्या काठावर घडी घातलेल्या पोत्यावर भाऊ बसले होते. खांदे रुंद, हाताचे तळवे चपलेच्या तळासारखे जाड, भेगाळलेले. त्यांनी हात खाली सोडून दोरीपासून मोजलं.

"चार बोटं कमी," ते म्हणाले.

गवंडी यंत्राला टेकून उभा होता. "पोती संपली. उरलेल्यात वाळू भरू, वरून काँक्रीट. जमिनीखाली कोण बघायला जातंय? तुम्ही घड्याळवाले, तुमचं सगळं केसावर मोजायचं. घर म्हणजे घड्याळ नव्हे, भाऊ."

"ते खरंय," भाऊ म्हणाले. "घड्याळ पुन्हा उघडता येतं."

अडचण अशी होती की काँक्रीटची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. ती चुकली तर पुढची तीन आठवड्यांनी. तोवर कडक थंडी उतरणार, मग ओतकाम बंद, म्हणजे चौथा हिवाळा त्याच ओल्या खोलीत. आणि वाळू भरली तर नवीन घराची फरशीही जन्मभर गारठाच देत राहणार. ताई दोरीकडे बघत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा होता की काकांनी त्यांच्याकडे न बघता गवंड्याकडे तोंड वळवलं.

"ठोकल्यावर माल बसतो, हे तुम्ही सांगायचं नाही का?"

"मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल. माल तुमचा."

"मला वाटलं तुम्ही सांगाल. काम तुमचं."

"आणि मला वाटलं," ताई म्हणाल्या, "की मी दोघांनाही विचारलंय."

भाऊंनी वर बघितलं. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

काकांचा हात खिशात गेला आणि त्यांनी मला इतकं घट्ट आवळलं की माझा एक कोपरा तुटला. 'लक्षात राहिलं नाही' असं म्हणता आलं असतं. वय झालेला माणूस, सगळ्यांनी मानही डोलावली असती.

"होतं," काका म्हणाले. "आकडा मोठा दिसला असता. तुम्ही चौकात गेला असतात."

"गेलो असतो कदाचित," भाऊ म्हणाले. "पण मग तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देत बसलो नसतो. सकाळपासून तेच चाललंय."

आधी गवंडी हसला. मग काकाही हसले, पण अर्धवटच. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "दुकानामागे पोती आहेत. आमच्या स्वयंपाकघरासाठी ठेवलेली."

"काकूंना विचारा आधी," ताई म्हणाल्या.

काकांनी फोन लावला. त्यांचा फोन नेहमीच इतक्या मोठ्या आवाजात असतो की पलीकडचं बोलणं आख्ख्या गल्लीला कळतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"चार वर्षं मोजे घालून स्वयंपाक केला, पाचवं करीन," काकू म्हणाल्या. "पोती द्या त्यांना. पण घरी आल्यावर हे असं कसं झालं, ते सगळं सांगायचं. निम्मं नाही."

आमची पोती हलकी, पण जागा फार खातात. ताईंनी मुलांना घरी सोडून बस दुकानामागे लावली आणि एकेका सीटवर एकेक पोतं बसवलं. तीन खेपा झाल्या. रस्त्याने जाणारी माणसं ती पोत्यांची शाळा बघून थांबत होती. गवंड्याने उन्हं उतरायच्या आत पसरून ठोकलं. काकांनी स्वतः खोरं धरलं. त्यांना सवय नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती.

शेवटी भाऊंनी पुन्हा हात टेकवला. दोरी बोटांना लागली. त्यांनी गवंड्याकडे बघून मान हलवली, आणि गवंड्याने यंत्र बंद केलं.

ऐन थंडीत काकांना नव्या घरी बोलावणं आलं. काकूही आल्या. काका सवयीप्रमाणे बूट-मोजे काढून खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"उभं राहून काय कळतंय?" भाऊ खालून म्हणाले. "बसा."

काका बसले. मला खिशातून काढून शेजारी ठेवलं. फरशी गरम नव्हती, उगाच वाढवून सांगणार नाही. पण ती अंगातली ऊब मागत नव्हती. समोर पाटावर एका घड्याळाचं पोट उघडं पडलं होतं. भाऊंच्या तळव्यांवरच्या भेगा मिटल्या होत्या. त्या हिवाळ्यात घरात खोकला एकदाच झाला, आणि तो ताईंना. भाऊंनी त्यांना इतका काढा पाजला की पुन्हा खोकायची त्यांची हिंमत झाली नाही. काकूंनी सगळ्या खोल्या फिरून बघितल्या आणि काकांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "वसंतात आमचं स्वयंपाकघर." आणि झालंही तसंच.

तेव्हापासून दुकानात गल्ल्याजवळ काचेची एक उंच बरणी आहे, आणि माझा मुक्काम तिच्यात. कुणी भाव विचारला की काका बरणी खड्यांनी काठोकाठ भरतात, वरून लाकडी दांड्याने ठोकतात आणि गिऱ्हाइकालाच विचारतात, "किती खाली गेलं?" त्यानंतर पेन्सिल उचलतात. काही जण मोठा आकडा ऐकून चौकात जातात. काका त्यांना दारापर्यंत सोडायला जातात. त्यातले काही परत येतात, काही येत नाहीत.

मला मात्र दिवसातून तीन-चार वेळा मार खावा लागतो. माझे कोपरे गेलेत, अंग गुळगुळीत व्हायला लागलंय, बरणीच्या तळाशी माझीच राखाडी पूड साठलीय. मुठीएवढा होतो, आता लिंबाएवढा राहिलोय. काका मधूनच मला उचलून निरखतात. नवीन नमुना आणू या, म्हणतात, आणि पुन्हा मलाच आत ठेवतात. आमचं वय झालंय, दोघांचंही.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घर बांधाल तेव्हा एक वही ठेवा. जमिनीखाली काय घातलं, किती घातलं, ठोकून झाल्यावर किती उरलं, सगळं त्याच दिवशी लिहा. कमी पडलं तर कमी लिहा, चुकलं तर कुणाचं चुकलं तेही लिहा, स्वतःचं नाव असलं तरी. वर फरशी बसल्यावर खालचं कुणालाच दिसणार नाही. पुढे त्या घरात राहणाऱ्यांशी वहीच तेवढी बोलेल. तिला खोटं बोलायला शिकवू नका.