विहीणबाईंचं फावडं

सिस्टर मुळात सिस्टर नव्हत्याच. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात तीस वर्षं त्यांनी रक्ताच्या चादरी उचलल्या, बादल्या धुतल्या, कापलेले पाय गुंडाळून खाली नेले. पण गल्लीत कुणाचं गळू फोडायचं असलं, टाके काढायचे असले, की लोक त्यांच्याच दारात यायचे आणि सिस्टर म्हणून हाक मारायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक शेजारच्याच घरात दिली, आणि लग्नानंतर सहा महिन्यांत जावयाची परगावी बदली झाली. त्यामुळे भिंतीच्या अलीकडे विहीणबाई आणि पलीकडे व्याही, एवढेच दोघं उरले. मधल्या भिंतीला एक छोटं दार होतं. त्या दारातून इकडून अंडी जायची आणि तिकडून वाळका पाव यायचा.

व्याही जुने बेकरीवाले. बेकरी बंद केली तरी मैद्याच्या रिकाम्या पोत्यांचा आणि पावाच्या चुऱ्याचा ढीग त्यांनी भट्टीच्या खोलीत तसाच ठेवला होता. माणूस गरीब स्वभावाचा, पण उपदेश करायची खोड जन्माची.

सिस्टरांकडे अकरा कोंबड्या होत्या. त्यातली ठिपक्यांची एक मोठी, सगळ्यांवर डाफरणारी; तिला त्या मास्तरीण म्हणायच्या. मास्तरीण अंड्यांवर बसली होती आणि पिल्लं बाहेर यायला आजउद्याचाच अवकाश होता.

त्या सकाळी खुराडं उघडलं, बाकीच्या धडपडत बाहेर पळाल्या. मास्तरीण हलली नाही. बसल्या कोंबडीनं हलू नये हे बरोबरच, पण तिची मान वाकडी होती. सिस्टरांनी तिला अलगद उचललं आणि हात ओला झाला. मागच्या बाजूची पिसं गेली होती, कातडी गेली होती, मांडीचं मांस हाडापर्यंत कुरतडलेलं होतं. रात्रभर उंदीर तिला खात होते आणि ती अंडी सोडून उठली नव्हती. खाली दोन पिल्लं फुटली होती. एकाचं नुसतं डोकं उरलं होतं, दुसऱ्याचे पाय.

मास्तरीण अजून श्वास घेत होती. सिस्टरांनी तिला काखेत धरलं, मान दोन बोटांत पकडली आणि एका झटक्यात पिळली. मग तशाच तिथं उकिडव्या बसून राहिल्या.

रडल्या नाहीत. उठून त्यांनी सर्वांत मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

दुपारी ऊन डोक्यावर असताना लढाई सुरू झाली. खुराड्याच्या फळ्या त्यांनी पहारीनं उचकटल्या. खाली जमीन नव्हतीच, नुसती बिळं होती. पहिल्या बिळात उकळतं पाणी ओतलं तसा आतून बारीक किंचाळण्याचा आवाज आला, आणि पुढच्या क्षणी बाकीच्या सगळ्या तोंडांतून उंदीर बाहेर उसळले. भाजलेले, आंधळे झालेले, एकमेकांच्या अंगावरून धावणारे. सिस्टरांच्या हातात फावडं होतं. त्या आपटत सुटल्या. फावड्याच्या पाठीनं, फावड्याच्या धारेनं, चुकलं तर टाचेनं. एक जण लुगड्यावरून पोटापर्यंत चढला. त्यांनी तो मुठीत धरला, त्यानं अंगठ्यात दात रोवले, आणि त्यांनी मूठ भिंतीवर आपटली. दोनदा. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

कोंबड्याही मागं नव्हत्या. एरवी किड्यामुंग्यांवर समाधान मानणाऱ्या त्या बायका त्या दिवशी घारी झाल्या. एकीनं उंदीर शेपटीनं उचलला, दगडावर तीनचारदा आपटला आणि अख्खा गिळला. दुसऱ्या दोघी एकाच उंदराची दोन टोकं ओढत होत्या आणि तो मधोमध फाटला.

गवताच्या एका घरट्यात सात गुलाबी पिल्लं सापडली, बोटाच्या पेराएवढी, डोळे न उघडलेली. सिस्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि फावडं टेकवून दाबलं.

"बास करा आता, विहीणबाई!" छोट्या दारातून व्याही म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बघवत नसेल तर आत जा."

संध्याकाळी बादली मेलेल्या उंदरांनी अर्धी भरली होती. सिस्टरांचे खांदे भरून आले होते, अंगठा सुजला होता, आणि तरी मनात कुठंतरी गार वाटत होतं. आपल्याला हे आवडलं, हे त्यांच्या लक्षात आलं. तीस वर्षं दुसऱ्यांनी सांडलेलं रक्त पुसलं होतं. हे पहिलं स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाद्याच्या पोत्याला नवं भोक होतं. शेजारी ताज्या लेंड्या पडल्या होत्या.

व्याही दारात उभे राहून डोकं हलवायला लागले. "लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. तुम्ही तर उंदीर काढून डोंगर रचलात, आणि व्हायचं ते झालंच. अहो, असं मारून ते संपत नाहीत. एवढी वर्षं बेकरी चालवली मी. आधी त्यांचं खाणं बंद करायचं, मग राहायची जागा, आणि मारायचं सगळ्यात शेवटी."

"खाणं? तुमच्या भट्टीच्या खोलीतच पोसलेत ते! इथं येतात ते नुसते ढेकर द्यायला."

व्याही वळून आत गेले. त्यांनी दार लावून घेतलं. दोन दिवस तिकडून पाव आला नाही, इकडून अंडी गेली नाहीत. सिस्टर मात्र थांबल्या नाहीत. दोन्ही दिवस जिथं सळसळ ऐकू आली तिथं विटा उलथवत, दगड फेकत, फावडं हाणत फिरत होत्या.

त्यानंतर चौथ्या सकाळी तांबडी कोंबडी खुराड्याच्या दारात मेलेली सापडली. चोचीतून रक्ताची बारीक धार आली होती. दुसरी कोपऱ्यात पंख पसरून बसली होती, उठायला जायची आणि कलंडायची. दुपारपर्यंत चार मेल्या, संध्याकाळपर्यंत सात. तीन तेवढ्या वाचल्या.

सिस्टरांनी तांबडीला ओट्यावर उताणं घातलं आणि चिरलं. पोटात सगळीकडे रक्त साकळलं होतं. गळ्याखालची दाण्याची पिशवी कापली तर आतून गहू पडले. निळे. उंदरांच्या औषधाचे.

त्यांनी स्वतः औषध आणलं नव्हतं. मग आणणारा एकच.

त्यांनी हात धुतले नाहीत. भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि छोटं दार लाथेनं उघडलं. व्याही दाराकडे पाठ करून चहात टोस्ट बुडवत बसले होते. सिस्टरांनी काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी फावडं वर नेलं आणि हाणलं. ते मानेच्या कडेला खांद्यावर बसलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता: गळपट्टीचं हाड.

व्याही खुर्चीसकट आडवे झाले. चहा छातीवर सांडला. सिस्टरांनी फावडं पुन्हा वर नेलं.

"तुमच्यासाठीच," व्याही कसेबसे म्हणाले. "तुमच्यासाठीच ठेवलं होतं हो!"

"काय माझ्यासाठी?"

"औषध. तुम्ही... अंगठा चावून घेतलात, जेवण सोडलंत. म्हटलं, गुपचूप संपवून टाकू. तुमच्या पन्हाळीजवळच्या विटेखाली ठेवलं होतं, पार आत. कोंबडीची चोच जाणार नाही असं. वीट कुणी काढली?"

फावडं तसंच वर राहिलं. सिस्टरांना ती वीट आठवली. अबोल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी सळसळ ऐकून त्यांनीच ती पायानं उलथवली होती. खाली उंदीर नव्हता म्हणून चिडून पुढं गेल्या होत्या. खाली काय आहे ते पाहिलं नव्हतं.

"सांगितलं का नाहीत?"

"बोलत होतात का तुम्ही माझ्याशी?"

सिस्टरांनी फावडं खाली ठेवलं. मग हात आपोआप कामाला लागले. टेबलावरची चादर फाडली, हात छातीशी बांधला, गळ्यात झोळी अडकवली, रिक्षा बोलावली. हॉस्पिटलात ओळखीच्या डॉक्टरनं विचारलं, "काका, पडलात की काय?"

"नाही. विहिणीनं फावडं मारलं."

डॉक्टर हसला. दोघांपैकी कुणीच हसलं नाही, तेव्हा त्यानं चष्मा काढला आणि तक्रार करायची आहे का असं हळूच विचारलं. व्याह्यांनी झोळीची गाठ चाचपली. मग नाही म्हणाले. सिस्टरांना ते होकारापेक्षा जड गेलं.

रात्री लेकीचा फोन आला.

"आई, तू माझ्या सासऱ्यांना मारलंस?"

"मारलं."

"कोंबड्यांपायी?"

"तेव्हा तसंच वाटलं."

"ते बोलले नसते, तर दुसरा घाव घातला असतास?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. "घातला असता," सिस्टर म्हणाल्या. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला, आणि मग चार महिने तिकडून काही आलं नाही.

हाड जुळायला दीड महिना लागला. तेवढे दिवस सिस्टरांनी व्याह्यांचं जेवणखाण केलं, शर्टाची बटणं लावून दिली. उरलेल्या वेळात खुराडं नव्यानं बांधलं. व्याही झोळीत हात घालून खुर्चीवर बसायचे आणि हुकूम सोडायचे. बिळं खडीनं बुजवा. खुराड्याला हातभर उंच पाय लावा. जाळी बारीक घ्या, करंगळी जाईल तिथून उंदीर जातो. चहूकडची जाळी खाली जमिनीत वीतभर गाडा. खाद्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, आणि संध्याकाळी सांडलेला दाणा झाडून उचलायचा. लाकडांचा ढीग भिंतीपासून हलवा. सिस्टर मुकाट्यानं सगळं करत गेल्या. शेवटी व्याही स्वतःच म्हणाले, "आता माझी खोली." दोघांनी पोत्यांचा तो ढीग भट्टीत घालून जाळला. ढीग उपसताना आतून बारा उंदीर पळाले. सिस्टरांनी फावडं उचललं नाही. भिंतीच्या कडेनं चापाचे सापळे लावले आणि सकाळी चिमट्यानं एकेक काढून खड्ड्यात पुरला. पहिल्या आठवड्यात रोज चारपाच सापडायचे, मग एखादा, मग दिवसचे दिवस सापळे रिकामे राहू लागले.

वाचलेल्या तिघी पुन्हा अंडी द्यायला लागल्या. पाचव्या महिन्यात लेक आली, दोन्ही घरांतून हिंडली, जाळी बोटांनी दाबून पाहिली आणि आईच्या हातचं जेवली. बोलली कमी. व्याह्यांचा खांदा थंडीत दुखायचा, पण त्यांनी त्याचं कधी नाव काढलं नाही. उपदेशही पूर्वीसारखाच चालू होता, चहाही बरोबरच होत होता. फक्त खुर्ची त्यांनी फिरवून ठेवली होती, तोंड त्या छोट्या दाराकडे करून. सिस्टर तिथून आल्या की ते आधी त्यांच्या हातांकडे पाहायचे, आणि मग हसून "या" म्हणायचे.