मागचा माणूस

धप्प असा आवाज आला आणि ती जागच्या जागी थांबली. पायाखालचा बर्फ बोटभर खाली बसला होता. वरून शहाणासुरता दिसणारा उतार आतून पोकळ आणि कोसळायच्या बेतात असला की असा आवाज येतो. तो कानावर पडला की हलायचं नाही, एकमेकांना हाक द्यायची आणि आल्या वाटेनेच हळूहळू मागे फिरायचं. हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं, ती त्यांच्या कमरेला लागत होती तेव्हा.

वडील चालतच राहिले.

"बाबा!"

स्की सरकवत ते उताराच्या ऐन मध्याकडे निघाले होते. तिने पुन्हा हाक मारली, काठीवर काठी बडवली. शेवटी ते आपणहून दम खायला थांबले, सहज मागे वळले, तेव्हा कुठे त्यांना तिचा वर केलेला हात दिसला.

"काय गं? स्कीची पट्टी सुटली का?"

तिने हातानेच खूण केली. ते हळूहळू परत आले.

"आवाज झाला बाबा. केवढा मोठा!"

"हो हो, झाला खरा," ते घाईघाईने म्हणाले. "म्हटलं बघू, तुझं लक्ष आहे का."

आता वडील खोटं बोलत नसत असं नाही. वयाबद्दल बोलत, गुडघ्याबद्दल बोलत, डब्यातून कमी झालेल्या बिस्किटांबद्दल तर बिनदिक्कत बोलत. पण बर्फाबद्दल ते कधी खोटं बोलले नव्हते.

डोंगरात लोकांना स्कीवर फिरवायला नेणं हा त्यांचा घरचा धंदा. तिथे ना वर नेणारे दोरावरचे पाळणे, ना आखलेल्या वाटा. स्वतःच्या पायांनी वर चढायचं आणि अस्पर्श बर्फावरून खाली यायचं. पूर्वी वडील पुढे असत. गुडघा कुरकुरायला लागल्यापासून, लोक बरोबर असले की ती पुढे आणि ते सगळ्यांच्या मागे; दोघंच असली तरच ते पुढे. पुढचा वाट शोधतो, मागचा माणसं सांभाळतो. कुणी पडलं तर उचलायचं, कुणाचा हातमोजा राहिला तर घ्यायचा, पुढून हाक आली की सगळ्यांना थांबवायचं. आणि परत आल्यावर फाटकातून सर्वांत शेवटी आत येऊन मोठ्याने सांगायचं, "मागे कुणी राहिलं नाही!" ते ऐकल्याशिवाय आई चहा टाकत नसे.

आई जाऊन वर्ष झालं होतं. त्यानंतर वडील दाढी करायचेही विसरले. मग दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टर आणि त्यांची बायको दर हिवाळ्यात यायचे. या खेपेला खिंडीपलीकडच्या लाकडी झोपडीत मुक्काम करायचा म्हणत होते. "पण मामा असतील तरच हं," असंही म्हणाले. मामा म्हणजे वडील. तिचा आत्तेभाऊ त्यांच्याकडे कामाला होता, तो मामा म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणत. त्या फोनने वडिलांच्या अंगात जणू वारं शिरलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला गेला तो उचलायचं नाव नाही. त्याच्याच कडेला ताटं मांडून सगळे जेवत होते.

त्या नकाशासमोरच तिने विषय काढला.

"बाबा, एकदा कान दाखवून येऊ या का?"

"कुणाचे?"

"तुमचे."

"माझ्या कानांना काय धाड भरलीय? मामालाच मामा बनवतेस होय!"

"मामांना सगळं ऐकू येतं गं ताई," आत्तेभाऊ म्हणाला. "फक्त हवं तेवढंच येतं."

घरातला हा जुना विनोद. तिघेही हसले. कितीतरी महिने ती वडिलांना हट्टी समजत होती. हाकेला ओ दिली नाही की रागवत होती. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत नव्हते. त्यांना ऐकूच येत नव्हतं, आणि ते आपण हट्टी दिसू याची काळजी घेत होते.

कानातलं यंत्र तिने आणूनही पाहिलं. घरात बरं चाललं. अंगणात वारा सुटला तसं ते नुसतं घोंघावायला लागलं, आणि वडिलांनी काढून खिशात टाकलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे आले. डॉक्टर, त्यांची बायको, आणि डॉक्टरांचा गोरागोमटा मेहुणा. सगळे नकाशाभोवती बसले. कोण कुठे चालणार त्याच्या सोंगट्या त्यावर मांडलेल्या होत्या. इथे वडिलांचा एक नियम होता. बेत सांगून झाला की प्रत्येकाने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. एकाचं 'नाही' पुरे, बेत बदलायचा. आणि कारण विचारायचं नाही. वडील म्हणत, भीतीचं कारण माणसाला लवकर सापडत नाही, आणि सापडलं तर सांगायची लाज वाटते. तोवर डोंगर थांबत नाही.

"हो," डॉक्टर म्हणाले. त्यांची बायको 'हो' म्हणाली, मेहुणाही म्हणाला.

"हो, पण माझी पिशवी हलकी ठेवा," आत्तेभाऊ म्हणाला.

"हो!" वडील म्हणाले. सकाळीच दाढी केलेला त्यांचा चेहरा नुसता खुलला होता.

"नाही," ती म्हणाली.

वडील लगेच नकाशावर वाकले. "बरं. मग खिंडीचा उतार सोडू. ओढ्याकडून जाऊ. लांब पडेल, पण झाडी आहे, उतार सौम्य आहे. कसं?"

पुन्हा सगळे 'हो' म्हणाले.

"नाही."

"अगं पण का?" डॉक्टर म्हणाले. "काही कारण तरी…"

"कारण विचारायचं नाही, डॉक्टर," वडील म्हणाले.

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण तिने नजर हटवली नाही. वडिलांनी नकाशावरची मागच्या माणसाची सोंगटी उचलली, लाकडाची, आईने कधीतरी लाल रंगवलेली, आणि ती आत्तेभावापुढे ठेवली.

"मागे हा राहील. माझा गुडघा कालपासून फार दुखतोय, उगाच तुमच्या गळ्यात लोढणं नको." मग तिला म्हणाले, "आता?"

"हो," ती म्हणाली. तिच्या तोंडून आवाज असा निघालाच नाही. वडिलांनी तो ओठांवरून वाचला आणि मान डोलावली. डॉक्टरांची बायको वडिलांचा हात धरून नुसती बसून राहिली.

सकाळी फाटकात वडीलच उभे होते. प्रत्येकाच्या छातीवर बीकन बांधलेलं असतं. बर्फाखाली कुणी गाडलं गेलं तर ते आतून खूण पाठवत राहतं, आणि वरच्यांची यंत्रं टुकटुकत त्याच्यापर्यंत नेतात. सगळ्यांची चालू आहेत ना, हे वडिलांनी पडद्यावरचे आकडे बघून तपासलं. एकेकाला पुढे सोडलं. आत्तेभाऊ शेवटी आला, तेव्हा त्याची कानटोपी त्यांनी दोन्ही बाजूंनी वर सरकवली.

"कान उघडे ठेव रे बाबा. थंडी वाजली तरी."

सहल छान झाली. हवा स्वच्छ, बर्फ पिठासारखा. डॉक्टर दोनदा पडले आणि दोन्ही वेळा बायकोवर रागावले. झोपडीत चूल पेटल्यावर सगळ्यांनी मामांची आठवण काढली, आणि ती पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर जाऊन रडून आली.

परत आल्यावर पाहुणे बूट काढायला घरात गेले. आत्तेभाऊ फाटकातून शेवटी आत आला, पण काही न बोलताच. सांगायचं ते त्याला सुचलंच नसावं. सगळ्यांनी आपापली बीकनं बंद केली. कुणाचं चुकून चालू राहिलं नाही ना हे बघायला, नेहमीप्रमाणे तिने स्वतःचं शोधायच्या बटणावर टाकलं आणि अंगणात एक फेरी मारली.

यंत्र टुकटुकायला लागलं.

तिने पुन्हा सगळ्यांना विचारलं. सगळ्यांची बंद होती. पडद्यावरचा बाण कामाच्या खोलीकडे बोट दाखवत होता. ती चालू लागली तसा अंतराचा आकडा उतरत गेला आणि आवाज चढत गेला.

खोलीत वडील दाराकडे पाठ करून बसले होते. बाकावर आईच्या जुन्या स्की ठेवून त्यांच्या तळाला मेण लावत होते. स्वेटरवर छातीशी पट्टा बांधलेला होता. सगळे निघाले तेव्हा बांधला असणार, आणि मग काढलाच नसणार.

"बाबा."

त्यांचा हात एका लयीत फिरत राहिला. तिच्या मुठीतलं यंत्र आता नुसतं किंचाळत होतं.

ती वळसा घालून त्यांना दिसेल अशी समोर जाऊन उभी राहिली.

"आलीस?" त्यांनी मेणाचा तुकडा खाली ठेवला. "मागे कुणी राहिलं नाही ना?"

ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. त्यांना ओठ नीट दिसतील असं तोंड वर केलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "कुणी नाही."

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि दुसरी स्की पुढ्यात ओढली.