मंत्र्यांची शाल

डब्लिनच्या मराठी मंडळाने पाहुण्यांना शाल मनोहरच्या हातून द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याला आधी कुणी विचारलं नाही. सेक्रेटरी केदारने नुसता फोन केला.

"काका, घानाचे माजी मंत्री येतायत. अबुदूसाहेब. त्यांची मुलगी माझ्या टीममध्ये आहे. सुलभाकाकू त्याच देशात होत्या ना, म्हणून म्हटलं शाल तुम्हीच द्या."

"कुठल्या भागाचे मंत्री?"

केदारने भागाचं नाव सांगितलं.

"येतो," मनोहर म्हणाला.

त्या मंत्र्याच्या ऑफिसला त्याने दीड वर्ष ईमेल पाठवले होते. एकाचंही उत्तर नव्हतं.

त्याची बायको सुलभा त्याच भागात विहिरींचं पाणी तपासायला गेली होती. एका विहिरीपाशी तिला साप चावला. औषध होतं चाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलात. ड्रायव्हर याकुबूने गाडी दामटली, पण वाटेत पोलिसांनी रस्ता अडवला होता. मंत्र्यांच्या गाड्या जायच्या होत्या. याकुबू पोलिसाच्या पाया पडला. पोलिसाने वर फोन लावला आणि थांबा म्हणून सांगितलं. एक तास चाळीस मिनिटं ते थांबले. सुलभा गाडीतच गेली. वर म्हणजे नेमका कुणाला फोन लावला होता, ते याकुबूला ठाऊक नव्हतं. मनोहरला तेवढंच कळायला हवं होतं.

कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. मागच्या टेबलावर बटाटेवड्यांचे ट्रे झाकून ठेवलेले. अबुदू धिप्पाड, हसरा माणूस. लोकांना त्याचं इंग्रजी आवडलं.

"सर, तुमचे रीजनल मिनिस्टर निवडून येतात का?" पुढच्या रांगेतून नेत्राने विचारलं.

"नाही हो. आम्हाला राष्ट्राध्यक्ष नेमतात. त्या भागात आम्ही म्हणजे राष्ट्राध्यक्षच समजा. सगळ्या खात्यांचा मेळ आम्ही घालायचा. पोलीस, लष्कर, सगळे बैठकीला माझ्यासमोर बसायचे. भागाच्या सिक्युरिटी कौन्सिलचा अध्यक्ष मीच." तो हसला. "रस्त्यात बकरी आडवी आली तरी पोलीस मला फोन करायचे."

हॉल हसला. मनोहर हसला नाही.

आसावरी मंडळाची अध्यक्ष. तिने माइकवर त्याचं नाव घेतलं. तबकातला नारळ तिने स्वतःकडे ठेवला आणि शाल त्याच्या हातात दिली. मनोहर अबुदूसमोर उभा राहिला. शालीची घडी त्याने उघडली नाही.

"साहेब, बकरीचा फोन तुम्हाला यायचा," तो इंग्रजीत म्हणाला. "माझ्या बायकोचा आला होता का?"

"सॉरी?"

मनोहरने तारीख सांगितली, रस्ता सांगितला. साप चावलेली बाई गाडीत होती, हेही सांगितलं.

"काका, नंतर बोलू ना," केदार मागून पुटपुटला. "लोक बघतायत."

"बघू देत."

अबुदूने घसा साफ केला. "हे पाहा, रस्ते बंद करणं हे जिल्हा पोलिसांचं काम. मंत्री फक्त समन्वय करतो. मला स्वतःला काही अधिकार नसतात."

"आत्ता तर पोलीस तुमच्यासमोर बसत होते. दहा मिनिटांत उठून गेले?"

या वेळी कुणी हसलं नाही. अबुदूची मुलगी पहिल्या रांगेत होती. ती वडिलांकडे बघत होती.

"डॅडी," ती म्हणाली, "फोन आला होता?"

अबुदू मनोहरकडे न बघता म्हणाला, "आला होता. एक परदेशी बाई आजारी आहे, एवढंच सांगितलं. मी म्हटलं, पाच मिनिटांत निघतोय. मग जेवण लांबलं."

"जेवण," मनोहर म्हणाला.

"मला साप सांगितला नव्हता."

"तुम्ही विचारलं होतं?"

अबुदूने मान हलवली. नाही.

आसावरी तबक धरून तशीच उभी होती. मनोहरने शाल आली तशी, घडीसकट, त्या तबकात परत ठेवली.

"तुम्हाला द्यायची असेल तर द्या," तो तिला मराठीत म्हणाला. "मी देणार नाही."

केदार दारापर्यंत मागे आला. "काका, मला खरंच माहीत नव्हतं."

"तूही विचारलं नव्हतंस," मनोहर म्हणाला आणि गाडीकडे गेला. याकुबूला फोन करून सांगायचं होतं.