शोधायची रीत

सोफेवाल्याच्या पोरीला लपायचं खूळ लागलं होतं. चार वर्षांचं पोर ते, तिच्या खुळांना तोटा नव्हताच. मध्यंतरी ती फक्त गोल असेल तेच खायची. चौकोनी बिस्किट पुढे केलं की भोकाड पसरायची. त्याआधी झोपताना घरातल्या एकूण एक चपलेला ‘झोप हं’ म्हणून सांगायची, आणि एखादी राहिली की सगळ्यांची झोपमोड. आणि आईबाप तरी कुठले शहाणे? ती तान्ही असताना हा बाप श्वास चाललाय का बघायला उठल्याबसल्या तिच्या नाकाशी बोट धरायचा आणि झोपलेल्या पोरीला जागं करून ठेवायचा. आईला फोटोंचं वेड. पोरीने जांभई दिली, काढ फोटो. शिंकली, काढ फोटो. अशी खुळं येतात आणि जातात, घर त्यांना सरावतं. हे लपायचं खूळ मात्र चांगलं मुक्कामालाच आलं होतं.

पोरीला सगळे बटण म्हणायचे. सोफ्याच्या पाठीवर कापड दाबून बसवलेलं बटण असतं ना, तशी गोल आणि घट्ट. पुढे कारखाना, मागे दोन खोल्यांचं घर. त्यामुळे फोमच्या चुऱ्यात आणि लाकडी सांगाड्यांतच ती वाढली.

तर बटणला शोधायची एक रीत होती. ती लपली की तिला सापडवायचं नाही. चुकून सापडवलंत तर दिवसभर अबोला. आधी भलतीकडेच बघायचं: डिंकाच्या डब्यात, टेबलाच्या खणात, स्वतःच्या खिशात. मग हाका मारायच्या. मग घाबरायचं. मग ‘हरलो गं बाई, ये आता बाहेर’ म्हणायचं, आणि तरी ती यायची नाही. मग रडायचं. रडणं मनाजोगतं झालं की बाईसाहेब ‘मी इथेच होते!’ करत उडी मारायच्या. आई बेकरीतली सकाळची पाळी करून थकलेली यायची. ती दोन हुंदक्यांत आटपायची. पण बापाचं काय विचारता! छाती बडवायचा, पोलिसांना फोन लावल्याचं सोंग करायचा, ‘माझं बटण हरवलं हो’ म्हणून जमिनीवर लोळण घ्यायचा. टेम्पोवाला माल न्यायला आला की दारात उभा राहून पोट धरून हसायचा.

जागा मात्र ठरलेली, कोपऱ्यातला जुना पडदा. पाय बाहेर. आदल्याच दिवशी बाप सहज बोलून गेला, “रोज तिथेच काय लपतेस गं? शेंबडं पोरगंसुद्धा ओळखेल.” एवढंच. बोलला आणि विसरला.

त्या दुपारी कारखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंचे दोन सोफे होते. एक दवाखान्यासाठी, काळ्या रेक्झिनचा. दुसरा घरासाठी, जाड सुती कापडाचा. दोन्हींची पुढची बाजू झालेली, पाठ तेवढी उघडी होती. पाठीचं कापड नेहमी शेवटी लागतं. आतली पोकळी झाकली, पिना मारल्या की सोफा तयार. रेक्झिनच्या सोफ्याची पाठ लावून होते न होते तोच टेम्पोवाल्याने तो चढवला आणि निघून गेला. मग बाप दुसऱ्याकडे वळला. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, सोफा कधी पोचतोय म्हणून. खांद्यावर फोन दाबून ‘निघाला, निघाला’ म्हणत त्याने त्याचीही पाठ लावून पिना मारल्या. पिना मारायच्या गनचा खडखडाट चालूच होता.

फोन ठेवला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बराच वेळ बटणचा आवाज नाही. पडद्याकडे पाहिलं. पडदा फुगलेला.

“अरेच्चा! बटण कुठे गेलं माझं?” त्याने सूर लावला. खण उघडले. डबा हलवून पाहिला. हाका मारल्या, हरला, रडलाही. पडदा ढिम्म हलेना. ‘आज फारच ताणतेय कार्टी,’ म्हणत तो कौतुकाने हसला आणि हातातलं काम करत बसला. लपू दे, दमली की येईल.

आई आली. तिचं डोकं दुखत होतं, रीतबीत तिला नको होती. तिने सरळ पडदा ओढला. मागे फोमची गुंडाळी होती.

“पोरगी कुठंय?”

बापाला आदल्या दिवशीचं आपलं बोलणं आठवलं, आणि टेम्पोत गेलेला तो सोफा डोळ्यांपुढे उभा राहिला. रेक्झिनमधून वारा जात नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“या सोफ्यात नसेल ना?” आईने कापडाच्या सोफ्यावर थापा मारल्या. “बटण! आत आहेस का गं? बोल!” आतून हूं नाही की चूं नाही.

“पाठ लावताना मी आत बघितलंय,” तो म्हणाला. खरंच बघितलं होतं? त्याला वाटत होतं बघितलं. तेवढा विचार करायला वेळ कुणाला होता! टेम्पोवाला फोन उचलत नव्हता, गाडी चालवताना तो कधीच उचलत नसे. कापड कापायची सुरी खिशात टाकून बापाने स्कूटरला किक मारली. आई गल्लीत धावली.

वाटेत त्याने देवाला काय काय कबूल केलं, त्याचं त्यालाच माहीत. दवाखान्यात सोफा मांडलेला, आणि त्यावर गाल सुजलेले एक आजोबा बसलेले. “उठा, उठा!” म्हणत त्याने त्यांना जवळजवळ ढकललंच. डॉक्टरीणबाई ओरडत धावत आल्या. त्याने सोफा भिंतीपासून ओढला आणि स्वतःच्या हाताने लावलेली पाठ वरपासून खालपर्यंत टरकन फाडली.

आत काही नव्हतं. लाकूड, पट्ट्या, फोम.

क्षणभर जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी दुप्पट भीती उसळली. इथे नाही तर मग कुठे? रस्त्यावर? कुणाच्या हाती?

तो परत आला तेव्हा आई कारखान्याच्या उंबऱ्यात बसली होती. शेजारच्या इस्त्रीवालीने गल्ली पालथी घातली होती, आता ती पलीकडच्या रस्त्याला गेली होती. बापाने एकवार ‘बटण!’ म्हणून हाक मारली आणि स्वतःच दचकला. हीच हाक तो रोज मारायचा. हाच फुटलेला आवाज. ‘हरलो गं, ये बाहेर’, ‘बाबा रडतोय बघ’, ‘आता नाही सहन होत’, सगळं सगळं त्याने खेळात वापरून टाकलं होतं. पोरीने खरं मानावं असं एक वाक्य त्याच्याकडे उरलं नव्हतं.

सोफ्याला पाठ टेकून तो जमिनीवर बसला. ना हाक, ना रडणं. आईही गप्प. कारखान्यात एवढी शांतता कधी नसायची.

बऱ्याच वेळाने त्याच्या पाठीमागून बारीक आवाज आला.

“बाबा? शोधणं थांबवलंस?”

तो झटक्याने वळला. त्याने खिशातली सुरी काढली, तोच आईने ती हिसकावून घेतली आणि कडेने कापड चिरलं. पाठीकडून आत शिरून, सोफ्याच्या रुंद हाताच्या पोकळीत, अंगाचं मुटकुळं करून बटण बसली होती. घामाने निथळत होती, केसांना फोमचा चुरा लागला होता, आणि चेहरा आनंदाने फुललेला. तिच्या कानामागे लाकडात पिनांची ओळ होती, त्यातली एक आरपार आलेली. तिचं टोक बापाने पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“मी इथेच होते!” तिने उडी मारली. “कुणालाच नाही कळलं! आई किती जवळ आली, मी नाकसुद्धा धरलं! बाबा, तू आज काय मस्त घाबरलास!”

आईने तिला उचलून छातीशी धरलं, मग रागाने एक धपाटा घातला, मग पुन्हा धरलं. बापाला पोरीला जवळ घ्यायचं होतं, दटावायचंही होतं. त्याने तोंड उघडलं आणि तो रडायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, नाक वाहत.

बटण खिदळली. टाळ्या पिटल्या. “अजून! अजून रड!”

तो रडतच होता. आईच्या कडेवरून वाकून तिने फ्रॉकच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. “पुरे आता बाबा. मी सापडले ना.” त्याचं रडू थांबेना. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिचं हसू मावळलं. तिने आईचा गळा घट्ट धरला.

“आई,” ती कुजबुजली, “बाबाला सांग ना, खेळ संपला.”