शेरा

हवामान कार्यालयात तिला ‘रद्दबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने. मागच्या उन्हाळ्यात तिने डोंगरावरचं जाळरेषेचं काम चार वेळा रद्द करायला लावलं होतं, आणि चारही वेळा वारा जागचा हलला नव्हता. चौथ्या वेळी वणवा पथकाची माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात नुसती उभी राहिली. पथकाचा प्रमुख तिचा सख्खा दीर. त्या दिवसापासून तो तिला पाण्यात पाहत होता.

घर एक, स्वयंपाकघर एक, जेवणाचं टेबलही एकच. पण बोलणं नवऱ्यामार्फत. “दादा, वहिनींना सांग, पंखा जरा कमी करा.” वहिनी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची. तीही काही कमी नव्हती. “अहो, तुमच्या भावाला सांगा, बटण त्यांच्याच पाठीमागे आहे.” नवरा बिचारा जेवायचा सोडून टपाल पोचवत बसायचा.

ऑफिसच्या फोनवर मात्र दोघांना बोलावंच लागे, कारण नियम तसा होता. खरा उन्हाळा पेटण्याआधी सुक्या गवताचा लांब पट्टा मुद्दाम जाळून टाकायचा, म्हणजे पुढे वणवा आलाच तर त्याला खायला काही उरत नाही. ज्या दिवशी हे जाळरेषेचं काम असेल त्या दिवशी सकाळी दहा वाजता तिने अंदाज फोनवर वाचायचा, पथकप्रमुखाने तो ओळीओळीने परत वाचून दाखवायचा. शेवटची ओळ शेऱ्याची. तीही त्याने वाचली की मगच तिने फॉर्मवर ‘परत वाचून घेतले’ या चौकटीत खूण करायची. कुणी मध्येच फोन ठेवला, तर पुन्हा लावायचा. सगळा अंदाज परत वाचून होईपर्यंत काडी ओढायची नाही.

त्या दिवशीचा अंदाज तिला सकाळपासून छळत होता. फॉर्मवर वाऱ्याच्या दिशेला चौकट एकच. तिने ‘पश्चिम’ लिहिलं, ते खरंही होतं, पण दुपारपर्यंतच. पूर्वेकडे ढग चढणार होते, आणि खालची हवा इतकी कोरडी की त्यांचा पाऊस जमिनीपर्यंत पोचायच्या आतच वाळून जाणार. असा ढग कोसळला की थंड हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पळते. बादली उपडी केल्यावर पाणी पळतं तशी. ‘चारी बाजूंना’ हे चौकटीत बसत नव्हतं. म्हणून तिने शेऱ्यात लिहिलं: ‘दुपारी दीडनंतर पूर्वेकडे वादळी ढग. वारा अचानक उलटेल. गाड्या व माणसे जळून झालेल्या जमिनीवर ठेवावीत.’

दिराने तापमान परत वाचलं, आर्द्रता वाचली, वारा वाचला. आवाजात अशी मरगळ, जणू शिक्षा म्हणून पाढे म्हणतोय.

“आता शेरा,” ती म्हणाली.

“शेरा तुमच्यापाशीच ठेवा, वहिनी. मागच्या वर्षीचे चार अजून संपले नाहीत आमचे.” मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. फोन बंद.

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फोन पुन्हा लावायला हात पुढे गेला आणि थांबला. दर वेळी मीच का? यांच्या जिवाची काळजी मी करायची आणि वर यांचे टोमणेही मीच ऐकायचे? बसा म्हणावं उलट्या वाऱ्यात, एकदा अद्दल घडू दे. तिने पेन उचललं, ‘परत वाचून घेतले’च्या चौकटीत खूण केली आणि चहा घ्यायला गेली. चहा तिला गोड लागला, हे तिला पुढे कधीच विसरता आलं नाही.

सव्वा वाजता रडारवर पूर्वेचा ढग फुगला. एक पस्तीसला त्याचा माथा खचू लागला आणि तिकडच्या केंद्रावरचं तापमान पाच मिनिटांत सात अंशांनी उतरलं. तिने दिराला फोन लावला, त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. गाड्यांच्या यादीत पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरचा नंबर होता. सगळे त्याला टँकरकाका म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस.

“काका, गाडी कुठे आहे?”

“पश्चिमेच्या गवतात, मॅडम. पथकाच्या साहेबांनीच लावायला सांगितली. वारा पाठीमागे आहे म्हणाले.”

“सगळ्यांना जळलेल्या जमिनीवर घ्या. वारा उलटतोय. दहा मिनिटंसुद्धा नाहीत!”

काकांनी एक प्रश्न विचारला नाही. “घेतो,” म्हणाले. तिच्यावर असा बिनबोभाट विश्वास वर्षभरात कुणी ठेवला नव्हता.

माणसं गवताच्या कडेने लांबवर विखुरलेली होती. काका टँकर घेऊन कडेकडेने ओरडत सुटले, एकेकाला काळ्या जमिनीकडे पिटाळत गेले. तेराच्या तेरा माणसं पोचली, त्यांत दीरही. तेवढ्यात वारा फिरला, ठिणग्या जळालेला पट्टा ओलांडून गवतात पडल्या, आणि टँकर गवतातच राहिला.

काका वाचले. पण दोन्ही हात आणि चेहरा भाजला. पुन्हा गाडी हातात धरता येईल, असं डॉक्टर म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराला कार्यालयाच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. टेबलावर तिचा फॉर्म होता.

“शेरा परत वाचला होता?” साहेबांनी दिराला विचारलं.

“हो, खूण आहे ना.” मग त्याने घसा साफ केला. “मी ड्रायव्हरला सांगितलं होतं, गाडी काळ्यावर घे म्हणून. त्याने ऐकलं नाही. वय झालंय, साहेब.”

आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. “विचारा वहिनींना.”

तिला सगळा हिशोब एका क्षणात कळला. तिच्या खुणेने तो सुटत होता आणि त्याच्या खोट्याने ती सुटत होती. पट्ट्यांत गुंडाळलेला म्हातारा तेवढा अडकत होता. साहेबांनी लिहायला पेन उघडलं.

“खूण खोटी आहे,” ती म्हणाली. “यांनी शेरा न ऐकता फोन ठेवला. मी परत लावला नाही. गाडी यांनीच गवतात लावायला सांगितली, काकांनी मला फोनवर सांगितलं तसं.”

“वहिनी, तुमचीही नोकरी जाईल,” दीर हळू आवाजात म्हणाला.

“जाईल.”

साहेबांनी चष्मा काढला. “खूण का केलीत?”

“यांना अद्दल घडावी म्हणून.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “पण आज खरं सांगितलंत. ते मोठं काम केलंत.”

“त्याचं कौतुक नको, साहेब,” ती दिराकडे बघत म्हणाली. “टँकरमध्ये हे असते, तर मी आज तोंड उघडलं नसतं.”

दिराने मान खाली घातली नाही. तिनेही नाही.